औट घटकेचे राजे

आपल्याकडे ‘औट घटकेचा राजा’ असं म्हणतात. औट म्हणजे साडेतीन. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हे राज्य बरोबर 84 मिनिटांचं. फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा. हा शब्दप्रयोग ज्यांनी रुजवला त्यांनी फुटबॉल पाहिलेला नव्हता, तरी हिशेब सहाच मिनिटांनी हुकला.

28 जून 1994 रोजी कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या मैदानावर, रशियाच्या ओलेग सालेंकोचं राज्य तर त्याहून लहान होतं. पंधराव्या मिनिटाला पहिला गोल, पंचाहत्तराव्याला पाचवा. समोर कॅमेरून. विश्वचषकाच्या एका सामन्यात पाच गोल त्याआधी कुणी केले नव्हते आणि 2022च्या कतारपर्यंत पुन्हा कुणाला जमले नाहीत. रशिया 6-1 जिंकला आणि तरीही गटातूनच घरी गेला, कारण ब्राझील आणि स्वीडनकडून आधीच मार खाल्ला होता. स्वीडनविरुद्धची एक पेनल्टी धरून सालेंकोचे सहा गोल झाले आणि बल्गेरियाच्या स्टॉइचकोव्हबरोबर त्याला सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ विभागून मिळाला. वय चोवीस. त्यानंतर रशियाच्या संघातून तो एकदाही खेळला नाही.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा विचारतो, “मग पुढं काय झालं त्याचं?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकतो, “डोक्यात हवा गेली असणार.” कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते वाक्य वाटत नाही, खोकला वाटतो. पेठेतल्या एखाद्या पोरानं एका हंगामात धुमाकूळ घालावा, पुढच्या हंगामात तो राखीव खेळाडूंत बसलेला दिसावा, की निकाल तयार असतो. हवा गेली. दम संपला. पोरगं वाया गेलं. त्याच्या गुडघ्याचं काय झालं, प्रशिक्षक बदलला का, घरी कमावणारं दुसरं कुणी आहे का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मला हा निकाल बहुतेक वेळा खोटा वाटतो. आणि खोटा असूनही तो टिकतो, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा आहे. लवकर आटोपलेलं यश हा खेळाडूच्या स्वभावातला दोष ठरला की बाकी कुणावर काही जबाबदारी उरत नाही.

सालेंकोचंच बघा. त्याला ‘एका दिवसाचा चमत्कार’ म्हणतात, पण तो दिवस आकाशातून पडलेला नव्हता. 1989च्या युवा विश्वचषकात सर्वाधिक गोल त्याचेच होते. 1994च्या त्या उन्हाळ्याआधी स्पेनच्या लीगमध्ये लोग्रोन्येससारख्या लहान क्लबकडून तो नेमानं गोल करत होता. मग त्या दिवशी वेगळं काय घडलं? समोरच्या कॅमेरूनच्या गोटात पैशांवरून भांडणं पेटली होती आणि त्यांचा संघ उभा होता तो नावापुरता. रशियाच्या गोटातही प्रशिक्षकाविरुद्ध बंड झालं होतं, काही नामवंत खेळाडू स्पर्धेला आलेच नव्हते, म्हणून सालेंकोला जागा मोकळी मिळाली. स्पर्धेनंतर प्रशिक्षक बदलला, नव्या माणसाच्या आराखड्यात तो बसला नाही. पुढं व्हॅलेन्सिया, रेंजर्स, इस्तंबूल असा प्रवास झाला आणि गुडघ्यांनी उरलेलं काम तमाम केलं. यात हवा कुठं आहे? एक चांगला आघाडीपटू होता, एका दुपारी सगळे दरवाजे एकदम उघडले, नंतर एकेक करून बंद झाले. आपण मात्र ती एकच दुपार पाहिली.

विश्वचषक ही खिडकी आहे. चार वर्षांनी महिनाभर उघडते. त्या महिन्यात जो समोरून जाईल तो आपल्याला दिसतो, आणि खिडकी बंद झाली की आपण म्हणतो, तो माणूस संपला.

या खिडकीतून सगळ्यात लख्ख दिसलेला माणूस म्हणजे साल्वातोरे स्किलाची. ज्यांच्या घरी 1990 साली टीव्ही होता त्यांना त्याचे ते विस्फारलेले डोळे अजून आठवत असतील. पालेर्मोच्या गरीब वस्तीतला मुलगा, टायर दुरुस्तीच्या दुकानात काम केलेला, शहर बससेवेच्या संघातून खेळायला लागलेला. मेस्सीनाकडून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये 1988-89च्या हंगामात 23 गोल केले तेव्हा युव्हेंटसनं उचलला. विश्वचषक सुरू झाला त्या वेळी इटलीकडून तो फक्त एक सामना खेळलेला होता. ऑस्ट्रियाविरुद्ध राखीव म्हणून उतरला, काही मिनिटांत डोक्यानं गोल केला. मग चेकोस्लोव्हाकिया, उरुग्वे, आयर्लंड, अर्जेंटिना, इंग्लंड. सहा गोल, स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बॅलन डी’ओर पुरस्कारात त्या वर्षी जर्मनीच्या मथेऊसच्या पाठोपाठ दुसरा.

आणि त्यानंतर संपूर्ण आयुष्यात इटलीसाठी गोल किती? एक. एकूण 16 सामने, 7 गोल.

इटलीतही तेव्हा कुजबुज झालीच. दक्षिणेतला अडाणी पोरगा, उत्तरेतल्या मोठ्या क्लबात टिकणार कसा, वगैरे. आपल्याकडे ‘गावाकडचं पोर शहरात बिघडलं’ म्हणतात त्याचीच ही इटालियन आवृत्ती. खरं कारण त्याहून रुक्ष आहे. सात सामन्यांत सहा गोल हा वेग कुणाचाच टिकत नसतो. मॅराडोनाचा टिकला नाही. गोल करण्यात कौशल्य असतं तसा योगायोगही असतो: चेंडू कुणाच्या पायाला लागून कुठं वळतो, गोलरक्षक कोणत्या पायावर असतो, पंच शिटी वाजवतो की नाही. महिनाभर हे सगळं एकाच माणसाच्या बाजूनं पडू शकतं. वर्षानुवर्षं पडत नाही. नशिबाची बाजू पलटली की माणूस आपल्या नेहमीच्या उंचीवर येतो, आणि आपण त्याला घसरण म्हणतो. स्किलाची पुढं इंटर मिलानला गेला, 1994 मध्ये जपानच्या जुबिलो इवाताकडे गेला, तिथं भरपूर गोल केले, मग पालेर्मोला परतून लहान मुलांसाठी फुटबॉलची शाळा चालवली. 2024च्या सप्टेंबरात तो गेला, तेव्हा 59 वर्षांचा होता. ज्याला लोक वाया गेलेला म्हणत, त्याचं पार्थिव पालेर्मोच्या स्टेडियमवर ठेवलं होतं, दर्शनासाठी.

दुखापतीबद्दल वेगळं सांगायला नको. तरी एक उदाहरण. 2012 साली वेल्सच्या स्वान्सी सिटीनं मिचू नावाचा स्पॅनिश खेळाडू वीस लाख पौंडांना घेतला. इंग्लंडच्या बाजारात ही रक्कम भाजीपाल्याची. पहिल्याच हंगामात त्यानं लीगमध्ये 18 गोल केले, क्लबला लीग कप मिळाला, स्पेनच्या राष्ट्रीय संघातून एक सामना मिळाला. मग घोटा गेला. 2017 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. घोट्याला अहंकार नसतो.

पण मला ज्याच्याबद्दल मनापासून सांगायचं आहे तो जुस्त फाँतेन. 1958च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात या फ्रेंच आघाडीपटूनं सहा सामन्यांत 13 गोल केले. एका स्पर्धेतला हा विक्रम कतारपर्यंत कुणाला शिवलेला नाही. त्याचे बूट फाटले होते म्हणून सहकाऱ्याचे उसने घेऊन तो खेळला. पुढं दोनदा पाय मोडला आणि 1962 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, खेळ संपला. फ्रान्ससाठी 21 सामने, 30 गोल, बस्स.

फाँतेननं मोडलेल्या पायाचं काय केलं हे मला त्या 13 गोलांपेक्षा मोठं वाटतं. त्या काळात फ्रान्समधला व्यावसायिक खेळाडू एकदा सही केली की पस्तिसाव्या वर्षापर्यंत क्लबच्या दावणीला बांधलेला असे. क्लब त्याला विकू शकत होता, तो स्वतः जाऊ शकत नव्हता. 1961 मध्ये कॅमेरूनमधून आलेला खेळाडू युजेन न्जो लेआ, फाँतेन आणि इतर काहींनी मिळून खेळाडूंची संघटना उभी केली. तिच्या रेट्यानं 1969 मध्ये ठरावीक मुदतीचा करार आला. ज्याची स्वतःची कारकीर्द हाडामुळे तुटली, त्यानं पुढच्यांच्या कराराची भाषा बदलायला हात लावला. आठ-दहा वर्षांत संपणाऱ्या धंद्यात माणसाला ताकद द्यायची तर ती प्रेरणादायी भाषणातून येत नाही, कागदावरच्या कलमातून येते, हे त्याला बरोब्बर कळलं होतं.

इथं कुणी म्हणेल, फुटबॉलवाल्यांना कसली आलीय कळकळ, कोट्यवधी कमावतात. कमावतात, जे टीव्हीवर दिसतात ते. खेळाडूंच्या संघटनांचा जागतिक महासंघ फिफप्रो यानं 2016 मध्ये 54 देशांतल्या जवळपास 14 हजार व्यावसायिक खेळाडूंकडून माहिती घेतली होती. 45 टक्क्यांहून अधिक खेळाडूंची कमाई महिना हजार डॉलरपेक्षा कमी निघाली. 41 टक्क्यांना मागच्या दोन हंगामांत कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. कराराची सरासरी मुदत दोन वर्षांहूनही कमी. म्हणजे या धंद्याचा खरा चेहरा मेस्सी नाही. खरा चेहरा आहे 23 महिन्यांचा करार हातात घेतलेला, चोविसाव्या महिन्यात काय करायचं हे न ठरलेला पोरगा.

आता घराकडे येऊ.

भारताच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा औट घटकेचा राजा गोव्याच्या मातीतला होता आणि मुंबईत खेळत होता. नेव्हिल डिसूझा, बार्देशातल्या आसगावचा. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल केले, भारत 4-2 जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, जरी तो सामना आपण 4-1 हरलो. चार गोलांसह तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत होता, भारत चौथा आला. 1980 मध्ये, अठ्ठेचाळिशीही गाठायच्या आत, तो गेला. आज मुंबईत कुणाला हे नाव विचारून बघा. मेलबर्न माहीत असतं, नेव्हिल माहीत नसतो.

त्याचं यश अल्प का ठरलं? त्याच्यात दम नव्हता म्हणून? त्यानंतर त्याला दाखवायला जागाच फार नव्हती. 1950च्या विश्वचषकाचं दार उघडं असताना आपण गेलो नाही, आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत पहिल्यांदा मैदानात उतरला तो 1985 मध्ये. ज्या देशाची खिडकीच पस्तीस वर्षं बंद होती तिथल्या खेळाडूला कुणी ‘एका स्पर्धेचा’ म्हणू नये.

नेव्हिलच्या काळाची एक गोष्ट मात्र आजच्यापेक्षा बरी होती, आणि ती सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मी मोडत नाही. तो टाटांच्या संघाकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं कंपन्यांचे, गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ खेळत. सकाळी सराव, दुपारी कचेरी. पोरगा तीन हंगाम चमकला आणि चौथ्या हंगामात पाय गेला, तरी पहिल्या तारखेचा पगार जात नसे. डब्यातली भाजी यशावर अवलंबून नव्हती. या व्यवस्थेनं खेळाचा दर्जा वाढवला नाही हे खरं. नोकरी पक्की झाली की पोट सुटलेले बचावपटू मीही पाहिलेत. ती व्यवस्था परत आणा असं मी म्हणणार नाही, येणारही नाही.

पण तिच्या जागी आपण काय आणलं? 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून, बाहेर काढले गेले, कारण व्यावसायिक क्लबसाठी ठरवलेल्या परवान्याच्या अटींत ते बसत नव्हते. अटी चुकीच्या होत्या असं नाही. पण कायम नोकरी देणारे संघ व्यावसायिकतेच्या नावाखाली गेले, आणि व्यावसायिक म्हणून आलेले कितीसे टिकले, हे पुण्याला विचारा. पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, 2015 नंतर त्याचा मुख्य संघ दिसला नाही. भारत एफसी एकाच हंगामात गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईत महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय लीग जिंकलेली होती, 2010 मध्ये संघ बंद. गोव्यात तर पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेल्या धेंपोसह साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी 2016 मध्ये आय-लीग सोडली. 2025च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच लटकला, कारण आयोजक कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता आणि नव्याचं जमत नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

क्लबच औट घटकेचे असतील तर खेळाडूकडून बारा वर्षांच्या कारकिर्दीची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? एकविसाव्या वर्षी पुण्यात बहरलेला मुलगा बाविसाव्या वर्षी क्लबच नाही म्हणून घरी बसतो, आणि पेठेतले लोक म्हणतात, हवा गेली.

हा सगळा लेखाजोखा आत्ता काढायचं कारण म्हणजे मुलांचं वय खाली खाली येत चाललंय. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, शहराला उधाण आलं होतं. जिक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध देशाचा विश्वचषकातला पहिला गोल केला. आपण तिन्ही सामने हरलो. त्या एकवीस मुलांपैकी काही आज वरच्या पातळीवर खेळतात, काहींची नावं आता आपल्यालाही आठवत नाहीत, आणि यात वावगं काही नाही. जगात कुठंही सतरा वर्षांच्या संघातली मूठभर मुलंच पुढं जातात. वावगं आहे ते हे की तेव्हा त्यांची पोस्टर लावणाऱ्यांपैकी कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारच्या ‘महादेवा’ या फुटबॉलपटू घडवण्याच्या प्रकल्पाचा शुभारंभ झाला. निवडलेली मुलं-मुली तेरा वर्षांखालची. उपक्रम चांगलाच आहे. तेराव्या वर्षी मेस्सीसमोर उभं राहायला मिळालं याचा आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण चौदाव्या वर्षी व्यावसायिक करार मिळालेल्या फ्रेडी अडूची आठवण मला त्या दिवशी झालीच. 2004 मध्ये अमेरिकेनं या घानात जन्मलेल्या मुलाला पुढचा पेले म्हणून उभं केलं, खुद्द पेलेबरोबर जाहिरात केली, लीगमधला सर्वाधिक पगार दिला. पुढं पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, सर्बिया, फिनलंड अशी वणवण. अमेरिकेकडून तो 17 सामने खेळला. हे काही कमी नाही. देशाच्या संघातून सतरा वेळा खेळलेला माणूस कोणत्याही मोजमापानं यशस्वी आहे. तो अपयशी ठरला तो जाहिरातीच्या मोजमापानं, आणि ती जाहिरात त्यानं लिहिलेली नव्हती.

उपाय काही अवकाशयानाचे नाहीत. नेदरलँड्समध्ये 1972 पासून एक निधी आहे. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कमाईतला ठरलेला वाटा त्यात सक्तीनं जमा होतो आणि खेळ थांबल्यावर दरमहा परत मिळतो. आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखाच, फक्त अठ्ठावन्नाव्या वर्षाऐवजी तिशीत हाती येणारा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबनं अकादमीतून सोडलेल्या तरुणांना तीन वर्षं मदत करणारी योजना सुरू केली: शिक्षण, नोकरी, दुसरा क्लब, मनाची काळजी. आपल्याकडे खेळाडूंची संघटना 2006 पासून आहे, बायचुंग भुतियाच्या पुढाकारातून उभी राहिलेली, पण फाँतेनच्या संघटनेसारखा दरारा तिचा नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याचा सगळा डोलारा पदक आणि प्रमाणपत्रावर उभा. बंद पडलेल्या क्लबचा करार तिथं दाखवून उपयोग होत नाही.

‘मुलांना आधीच अपयशाबद्दल सांगितलं तर ती जीव तोडून खेळणार नाहीत,’ असं मला एका प्रशिक्षकांनी सुनावलं होतं. मला ते पटलं नाही. आमच्या तालमीतल्या पैलवानाला वस्ताद पहिल्या दिवशी सांगतात की मान मोडू शकते. त्यानं लढणं थांबत नाही, पडायचं कसं ते शिकतो.

म्हणून माझी विनंती अकादमीला पोरगं-पोरगी पाठवणाऱ्या पालकांना आहे. समोर जो कागद येईल त्यावर जेवण, बूट, राहणं, प्रशिक्षक, परदेश दौरा हे सगळं लिहिलेलं असेल. त्यात अजून एक कलम शोधा: सोळाव्या वर्षी मुलाला संघातून काढलं, किंवा गुडघा गेला, किंवा योजनाच बंद झाली, तर बारावीपर्यंतची फी कोण भरणार आणि ऑपरेशनचा खर्च कोण करणार. सापडलं नाही तर सहीच्या आधी ते लिहून मागा, तोंडी आश्वासन घेऊ नका.